मुंगीचं कार्ड

रक्तपेढीच्या लांबट खोलीत खिडकीशी एक खुर्ची होती, तिला कुणी हात लावत नसे. तशी साधीच लाकडी खुर्ची, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. पण तिच्यावर बसून आत्यानं सव्वीस वर्षं नळ्या बघितल्या होत्या. बोटाएवढी काचेची नळी, तळाशी रक्ताचा लाल ठिपका. ती दिव्यासमोर धरायची, मनगट इतकंसं तिरकं करायचं आणि बघत राहायचं. ठिपका सुटून धुरासारखा पसरला, तर रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळलं. गुठळी धरून बसला, तर नाही जुळलं. काम म्हणाल तर एवढंच. पण ते करताना आत्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव असे की पिशवीची चौकशी करायला आलेला मोठा सर्जनही दारातच आवाज खाली घ्यायचा.

बाई तोंडाची फटकळ, त्याला इलाज नव्हता. चिठ्ठीवर सही नसली की चिठ्ठी परत. अक्षर लागत नसलं की, "हे तुम्ही लिहिलंय की कोंबडी शाईतून चालत गेली?" असं फोन करून खुद्द डॉक्टरांनाच विचारायची. लोक चडफडायचे, पण तिचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत, कारण तिची नजर चुकत नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. तिच्या हातची नोंद असली की हाताखालच्या मुली ती पुन्हा तपासायच्या भानगडीत पडत नसत. "आत्यांनी लिहिलंय ना? मग झालं." हे वाक्य त्या खोलीत दिवसातून दहादा ऐकू यायचं. आणि खोटं कशाला बोला, आत्याला ते ऐकायला आवडायचंही.

आत्या हे काही तिचं नाव नव्हे. ती कुणाची सख्खी आत्या असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिला भाऊच नव्हता. ते नाव तिला मुंगीनं दिलं, आणि मुंगीला मुंगी हे नाव आत्यानं. हा किस्सा ती नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवायची, आणि जुनी माणसं न कंटाळता पुन्हा ऐकायची.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंगी तेव्हा चार वर्षांची. तिला थॅलेसेमिया, म्हणजे अंगात रक्त धड तयारच होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं, ते जन्मभर. या रुग्णालयातला तिचा पहिलाच दिवस होता. आत्या कशाला तरी वरच्या वॉर्डात गेली होती. कशाला, ते सांगताना तिला कधीच आठवत नसे, आणि किस्स्याला त्याची गरजही पडत नसे. वॉर्डात या एवढ्याशा पोरीनं रडून छप्पर डोक्यावर घेतलं होतं, आणि एका नर्सच्या हाताला कडकडून चावूनही झालं होतं. आत्या खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "अगं, सुई कुठली? मुंगी आहे ती. मुंगी चावेल फक्त." पोर रडायचं थांबलं. नाक पुसून म्हणालं, "मग मी पण मुंगी. मी पण चावते. तू कोण?"

"मी तुझी आत्या." का म्हणाली देव जाणे, तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून ती मुंगी, ही आत्या आणि मुंगीची आई आपोआप वहिनी झाली. वहिनीही थट्टेनं तिला 'वन्सं' म्हणू लागली. बघता बघता सगळ्या रुग्णालयानं आत्या हे नाव उचललं. पगाराच्या कागदावर काय नाव असायचं, ते आता फक्त कारकुनाला माहीत होतं.

मुंगी मोठी झाली, शिकली, एका चष्म्याच्या दुकानात काच घासून फ्रेममध्ये बसवण्याच्या कामाला लागली. दर तीन आठवड्यांनी यायची, वॉर्डात जायच्या आधी रक्तपेढीच्या खिडकीत डोकावायची. "आत्या, आज कुणाचं रक्त देतेस? गेल्या वेळचा माणूस फार आळशी असावा, आठवडाभर नुसती लोळत होते." आत्या म्हणायची, "रक्ताला नावं ठेवू नकोस, आळशी तू मूळचीच." असं त्यांचं चालायचं.

या वर्षाच्या सुरुवातीला रक्तपेढीत नवी डॉक्टरीण आली आणि तिच्यामागोमाग एक यंत्र आलं. यंत्रासाठी कोपऱ्यातली खोली रिकामी केली, तिला थंड हवेची सोय केली, दारात चपला काढायला लावल्या. ते मुळी रक्तगट नळीत बघतच नसे, माणसाच्या जनुकांतून वाचायचं. आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'जावईबुवा' ठेवलं. "उकडत नाही ना जावईबुवांना? काही हवं-नको विचारा हो कुणीतरी." मुली तोंड दाबून हसायच्या. डॉक्टरीण गुणी होती, तीही हसायची.

"आत्या, तुमच्या नळीला मी कमी लेखत नाही हं," ती एकदा म्हणाली. "तुम्ही पदार्थ चाखून त्यात काय घातलंय ते ओळखता. हे यंत्र कृती लिहिलेली वही वाचतं, एवढाच फरक."

"चाखणाराची जीभ चांगली असली की वही लागत नाही, डॉक्टर."

"एकाच ताटात दोघांचं वाढलेलं असलं तर?" डॉक्टरीण म्हणाली. आत्यानं ते मनावर घेतलं नाही.

त्याच सुमाराला मुंगीचं बिनसायला लागलं. एरवी दोन पिशव्या चढवल्या की तीन आठवडे पोरगी ठणठणीत असायची. आता आठ-दहा दिवसांतच चेहरा पांढराफटक पडायचा, डोळे पिवळे व्हायचे, लघवी काळ्या चहासारखी. खिडकीत येऊन ती म्हणाली, "आत्या, रक्त अंगी लागत नाहीये गं."

आत्यानं ते हसण्यावारी नेलं नाही. पुढच्या वेळी मुंगीचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी एकदा सोडून तीनदा जुळवून पाहिलं. नळी स्वच्छ. ठिपका धुरासारखा सुटत होता. मग तिनं वेगवेगळ्या नमुन्यांशी लावून पाहिलं, तेव्हा एका नमुन्याच्या तळाशी अगदी बारीक रवाळपणा दिसला. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

इथं थोडं समजून घ्यायला हवं. ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यापलीकडे लाल पेशीच्या अंगावर, आपल्या अंगावर तीळ असावेत तशा, बऱ्याच बारीक खुणा असतात. कुणाला या, कुणाला त्या. आपल्या पेशीवर जी खूण नाही, ती खूण असलेलं रक्त पुन्हा पुन्हा अंगात गेलं, तर एखाद्याचं शरीर तिच्याशी वैर धरतं आणि आलेलं रक्त फोडून टाकतं. कधी कधी हे वैर इतकं पुसट असतं की पिशवीशी जुळवताना नळीत दिसतही नाही. तो रवाळपणा 'जेके-ए' नावाच्या खुणेकडे बोट दाखवत होता. आत्यानं लगेच कपाटातून मुंगीचं कार्ड काढलं. पहिल्या दिवशीच मुंगीच्या सगळ्या खुणा तपासून लिहिलेलं ते पिवळं पडलेलं कार्ड. प्रत्येक खुणेसमोर दोन चौकटी, अधिक आणि उणे. खुणेच्या तपासणीत नळीत गुठळी धरली की खूण आहे, म्हणजे अधिक; पेशी सुट्या राहिल्या की उणे. जेके-एसमोर अधिकच्या चौकटीत ठसठशीत बरोबरची खूण, आणि खाली सही. अक्षर तिचं स्वतःचं.

मग प्रश्नच मिटला. जी खूण पोरीच्या स्वतःच्याच पेशींवर आहे, तिच्याशी तिचं शरीर वैर कसं धरेल? आत्यानं नळी धुवायला टाकली आणि वर कळवलं: रक्तपेढीकडून काही दोष नाही.

वरच्या डॉक्टरांनी दुसरी कारणं शोधायला घेतली. प्लीहा सुजली होती, तीच रक्त खात असावी. यकृतावर लोहाचा भार असावा. इतकं रक्त चढवलं की अंगात लोह साठतं, ते काढायच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. इथं वहिनीनं डोक्याला हात लावला. कारण मुंगीनं पंधराव्या वर्षी कंटाळून महिनाभर गोळ्या गॅलरीतल्या कुंडीत पुरल्या होत्या. त्या वर्षी कुंडीतलं झाड वाळून कोळ झालं आणि बाईसाहेब पकडल्या गेल्या. तेव्हापासून गोळ्यांचा विषय निघाला की मुंगीवर विश्वास ठेवायला कुणी तयार नसे. वहिनी समोर बसून गोळ्या गिळायला लावू लागली, जीभ वर करून दाखव म्हणू लागली. चोवीस वर्षांच्या पोरीला!

एक दिवस मुंगी खिडकीत आली तेव्हा आत्यानंही विचारलं, "खरं सांग. घेतेस ना गोळ्या?"

मुंगीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. "तू पण?" एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. त्यानंतर तिनं खिडकीत डोकावणं सोडलं. आत्याच्या ते जिव्हारी लागलं, पण तिनं स्वतःची समजूत घातली की आजारी माणूस चिडचिडं होतंच.

शेवटी गुरुवारी प्लीहा काढायची ठरली. मुंगीचं हिमोग्लोबिन साडेचारावर आलं होतं. शस्त्रक्रियेला चार पिशव्या तयार ठेवायची चिठ्ठी सोमवारी खाली आली, सहीसकट. चिठ्ठी डॉक्टरिणीनंही वाचली.

"आत्या, ही मुलगी वीस वर्षं रक्त घेतेय. एकदा हिचा नमुना यंत्राला लावू."

"लावा की. जावईबुवा बसून तरी काय करतात?" आत्या म्हणाली आणि पिशव्या निवडायला शीतकपाटाकडे गेली. कार्डाप्रमाणे निवडल्या. चारही जेके-ए अधिक.

मंगळवारी दुपारी डॉक्टरीण कागद घेऊन खुर्चीपाशी आली. ती उभीच राहिली, तेव्हाच आत्याला काहीतरी वेगळं वाटलं.

"जेके-ए उणे आहे," डॉक्टरीण म्हणाली. "जनुकातच नाही. हिच्या पेशींवर ती खूण कधी नव्हतीच."

"शक्य नाही. कार्ड बघा."

"बघितलं."

"मग तुमचं यंत्र चुकलं. हिच्या अंगात सदा दुसऱ्यांचं रक्त. त्यातलंच काहीतरी वाचलं असेल त्यानं."

"लाल पेशीत जनुकं नसतातच, आत्या. यंत्र पांढऱ्या पेशी वाचतं, आणि त्या हिच्या स्वतःच्या. पिशवीतल्या आपण आधीच गाळून टाकतो."

"गाळून सगळ्या जातात असं छातीवर हात ठेवून सांगाल?" आत्याचा आवाज चढला. मुली कामं थांबवून बघायला लागल्या. "गालातून घ्या. गालाच्या आत तरी कुणी पिशवी चढवलेली नाही ना?"

डॉक्टरीण वाद घालत बसली नाही. तिनं वर जाऊन कापसाची काडी मुंगीच्या गालाच्या आतून फिरवून आणली. बुधवारी सकाळी यंत्रानं दुसऱ्यांदा तेच सांगितलं.

आत्या चारही पिशव्यांसमोर उभी राहिली. उद्या सकाळी या पोरीच्या अंगात जायच्या होत्या. आठ महिने जे थोडं थोडं होत होतं, ते एका दिवसात चौपट झालं असतं, आणि तेही साडेचारावर, पोट उघडलेलं असताना. तिनं पिशव्या एकेक करून परत ठेवल्या.

पुढची धावपळ डॉक्टरिणीनं केली. शस्त्रक्रिया थांबवली. यंत्रानं गेल्या सहा महिन्यांत तपासलेल्या रक्तदात्यांची यादी काढली. जेके-ए उणे असलेली एक पिशवी शीतकपाटातच निघाली, एक दुपारपर्यंत दुसऱ्या रक्तपेढीतून येणार होती. मग ती आत्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "अहवालात मी लिहीन, जुन्या पद्धतीची मर्यादा. ते खोटंही नाही. इथं येण्याआधी तिला कुठंतरी रक्त दिलं असणार. नळीत त्या दात्याच्या पेशी दिसल्या असतील. त्यानंतर तर तपासून उपयोगच नव्हता, सदाच सरमिसळ. यात तुमचा दोष नाही, आत्या."

आत्यानं मान हलवली. तिला ते फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच तिला कुठंतरी टोचणी लागली.

सरमिसळ झालेलं रक्त नळीत कसं दिसतं, हे तिला काय माहीत नव्हतं? थोड्या गुठळ्या, आणि त्यांच्याभोवती सुट्या पेशींचा लाल धुरळा. नव्या मुलींना तीच तर शिकवायची. तेव्हा तिला नोकरीला सहा वर्षं झाली होती. ते तिच्या नजरेतून सुटलं असेल? नाही सुटलं तर मग अधिकच्या चौकटीत खूण का केली?

आत्याची एक सवय होती. कार्ड भरायच्या आधी नळीत जे दिसेल ते आधी स्वतःच्या वहीत लिहायचं, जसंच्या तसं. त्या वह्या तिनं कधी टाकल्या नव्हत्या. भिंतीतल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात गठ्ठा बांधून ठेवलेल्या होत्या. मुली जेवायला गेल्यावर ती जमिनीवर बसली आणि वीस वर्षांपूर्वीची वही शोधून काढली. तिला मनापासून वाटत होतं की तिथं स्वच्छ 'गुठळी' असं लिहिलेलं असावं. म्हणजे मग डॉक्टरीण म्हणते ते खरं. नळीनं फसवलं, आपण काय करणार?

पान सापडलं. तिचंच अक्षर, फक्त जरा तरुण.

"जेके-ए: थोड्या गुठळ्या, बाकी सुट्या. सरमिसळ? आधी रक्त चढवलंय का, वर जाऊन आईला विचारायचं."

'वर जाऊन' या शब्दांवर आत्याचं बोट थांबलं. कशाला तरी वर गेले होते. वीस वर्षं ती हेच सांगत आली होती, आणि लोक हसत आले होते.

सगळं जागच्या जागी उभं राहिलं. ती विचारायला वर गेली होती. पोर रडत होतं. ती खाटेवर बसली, मुंगी झाली, आत्या झाली, वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, नर्सनं सगळ्यांना चहा दिला. खाली उतरताना ती स्वतःशीच हसत होती. आणि टेबलावर कार्ड तसंच पडलं होतं, जेके-एची ओळ तेवढी रिकामी. 'सरमिसळ' लिहायला तिसरी चौकट नव्हती. गुठळ्या होत्या ना? मग अधिक. विचारायचं राहिलं, आणि राहिलंय हेसुद्धा विसरून गेलं. पुढं दर तीन आठवड्यांनी कुणी ना कुणी ते कार्ड काढलं, आणि सही बघून परत ठेवलं. आठ महिन्यांपूर्वी तिनं स्वतःही तेच केलं. आत्यांनी लिहिलंय ना, मग झालं.

कपाटाशेजारीच जाळायच्या कचऱ्याची पिवळी पिशवी होती. एक पान. संध्याकाळी भट्टीत गेलं असतं, आणि जगात कुणाला कळलं नसतं. आत्या त्या पिशवीकडे बराच वेळ बघत बसली, हे लपवण्यात अर्थ नाही. पान फाडायला तिनं कोपरा धरलाही होता. मग तिला मुंगीचं "तू पण?" आठवलं. ती पोर आठ महिने एकच गोष्ट सांगत होती, रक्त अंगी लागत नाही, आणि एकूण एक माणसानं तिला खोटं पाडलं. आता खरं काय ते लिहिलेला एकच कागद होता, आणि तो हिच्या हातात.

ती उठली. नवं कोरं कार्ड घेतलं, पट्टी लावून त्यावर तिसरी चौकट आखली, यंत्राच्या कागदावरून रकाने भरले आणि सगळ्यात वर एक प्रश्न लिहून उत्तराची जागा मोकळी सोडली. पहिली पिशवी तयार होती. ती नर्सकडे न देता स्वतः घेऊन, वही काखेत मारून, आत्या जिना चढली. लिफ्टची वाट बघवेना.

मुंगी उशीला टेकून पडली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. वहिनी खाटेशेजारी गोळ्यांची डबी मांडीवर घेऊन बसली होती. आत्यानं पिशवी नर्सच्या स्वाधीन केली, आणि स्टूल ओढून बसली. खाटेच्या कडेवर बसायचा तिला धीर झाला नाही.

"मुंगे, तुझ्या गोळ्यांचा काही दोष नव्हता. प्लीहेचाही नव्हता. रक्तच चुकीचं जात होतं. माझ्यामुळे," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. खूण, कार्ड, दोन चौकटी, आठ महिन्यांपूर्वीचा रवाळपणा, सगळं सांगितलं. उद्याच्या चार पिशव्यांचंही सांगितलं. शेवटी वही उघडून पान पुढं केलं.

आधी वहिनी बोलली. आज तिनं 'वन्सं' म्हटलं नाही.

"आठ महिने, बाई," ती म्हणाली. "आठ महिने मी हिच्या गोळ्या मोजतेय. तोंड उघडून दाखव म्हणत होते. पोटच्या पोरीला खोटारडी म्हटलं मी. शेजारणीला सांगितलं, आमची मुलगी स्वतःच्या जिवावर उठलीय. आणि तुम्ही खाली बसून कळवताय, दोष नाही म्हणून?" तिनं डबी खाटेवर आपटली आणि गोळ्या चादरीवर सांडल्या. आत्या खाली मान घालून बसली.

मुंगी वही वाचत होती. एकदा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. "'वर जाऊन आईला विचारायचं.'" तिनं मान वर केली. "म्हणजे त्या दिवशी तू यासाठी वर आली होतीस?"

"हो."

"आणि मी रडत होते."

"तुझा काय दोष गं त्यात?"

"मी कुठं म्हणतेय माझा दोष?" मुंगी चावलीच. मग डोळे मिटून दोन श्वास घेतले. "आत्या, मला तुझा इतका राग आलाय ना. पण राग करायलासुद्धा अंगात रक्त लागतं. आधी ती पिशवी लाव. मग आठवडाभर भांडू."

"महिनाभर भांड," आत्या म्हणाली आणि तिला रडू आवरलं नाही. नर्सनं पिशवी टांगली, नळी जोडली. पहिला थेंब पडला, दुसरा पडला. तिघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हे पान फाडून टाकता आलं असतं तुला," मुंगी थोड्या वेळानं म्हणाली.

"कोपरा दुमडलेला दिसत नाही का?"

मुंगीनं तो कोपरा अंगठ्यानं दाबून सरळ केला. मग तिची नजर आत्याच्या मांडीवरच्या कार्डाकडे गेली. सगळे रकाने भरलेले, वरच्या प्रश्नापुढची जागा तेवढी रिकामी.

"विचार ना मग," ती म्हणाली. "एवढे जिने चढून दोनदा आलीस. आता तरी विचार."

आत्यानं डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि वहिनीकडे वळली. आयुष्यभर लोकांना फटाफट प्रश्न विचारणाऱ्या बाईला हा प्रश्न तोंडातून काढायला वेळ लागला.

"वहिनी, मुलीला इथं आणण्याआधी तिला कधी रक्त चढवलं होतं का?"

वहिनी चादरीवरच्या गोळ्या एकेक वेचून डबीत टाकत होती.

"दोन पिशव्या," शेवटी ती म्हणाली. "घराजवळच्या दवाखान्यात. अठरा दिवस आधी." तिनं डबीचं झाकण लावलं. "इथं आल्यावर सगळ्यांनी सगळं विचारलं. ताप येतो का, लसी झाल्यात का, घरात आणखी कुणाला आहे का. हे कुणीच विचारलं नाही. मला वाटलं, रक्त खाली तुमच्याकडे गेलंय, तुम्हाला त्यातच कळेल."

आत्यानं लिहिलं: हो. दोन पिशव्या. अठरा दिवस आधी.

"कळलं होतं, वहिनी," ती म्हणाली. "त्यातच कळलं होतं."